१४ ऑगस्ट – आजचे मनन : संत आर्नोल्ड आणि काठीचा मान

आजचे वाचन : मत्तय १०:४०-४२ आणि मत्तय १८:१-६



उद्या पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. आज त्याची पूर्वसंध्या. आजच्या तारखेला आपण बहुतेक ठिकाणी संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची आठवण करतो. पण याच तारखेला बेल्जियममध्ये आणखी एका संताचं नाव घेतलं जातं. त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, आणि बोलायचं म्हटलं तरी जरा अवघडच वाटतं. हे संत म्हणजे आर्नोल्ड, सुआसोंचे बिशप. बिअर बनवणाऱ्यांचे आश्रयदाते संत!

हसू आलं ना? मलाही आलं होतं. आणि खरं सांगतो, हसण्याच्या मागोमाग थोडा रागही आला होता. आपल्या गावांतली किती घरं दारूनं बसली ते आपण बघतोच. अशा वेळी संताच्या हाती बिअर ढवळायची काठी बघून बरं कसं वाटणार? म्हणून मी त्यांचं चरित्र वाचायला घेतलं ते जरा आठ्या घालूनच. वाचून झालं तेव्हा आठ्या गेल्या होत्या, पण त्यांच्या जागी माझीच एक जुनी गोष्ट समोर येऊन उभी राहिली. ती शेवटी सांगतो. आधी संतांविषयी.

आर्नोल्ड यांचा जन्म साधारण १०४० चा, फ्लँडर्समधल्या टीगेम या गावचा. आज हे गाव बेल्जियममध्ये येतं. घराणं मोठं होतं. त्या काळी अशा घरातल्या धडधाकट मुलानं काय व्हायचं हे जवळजवळ ठरलेलंच असे. त्याच्या कमरेला तलवार बांधली जाई आणि तो सरदार होई. आर्नोल्डही सैनिक झाले. सरदार होण्याचा एक विधी असे. ज्याला तलवार मिळाली तो एका बिरादरीत आला, त्याला मान आला आणि त्याच्याबरोबर वैरही आलं. एका घराण्यातल्या माणसाचा खून झाला की दुसऱ्या घराण्यातल्या माणसाचा जीव घ्यायचा, मग पुन्हा उलटा हिशेब. फ्लँडर्समध्ये ही खुनाची देणी पिढ्यान् पिढ्या चालत असत. आर्नोल्ड याच जगात वाढले, म्हणून पुढं त्यांनी केलेल्या एका कामाचं मोल जास्त आहे.

तरुणपणीच त्यांनी तलवार खाली ठेवली आणि ते फ्रान्समधल्या सुआसों शहराजवळच्या संत मेदार्द यांच्या मठात दाखल झाले. हा बेनेडिक्टाईन मठ काही लहानसहान नव्हता. सहाव्या शतकात राजानं स्थापलेला, राजांच्या कबरी पोटात असलेला, श्रीमंत आणि दबदबा असलेला मठ. इथंही प्रवेशाचा विधी होता. पण सरदारकीच्या विधीत माणसाला काहीतरी मिळतं, मठाच्या विधीत त्याच्याकडचं काढून घेतलं जातं. केस कापले जातात, स्वतःचे कपडे जातात, स्वतःची मिळकत जाते, आणि सगळ्यात कठीण म्हणजे स्वतःची मर्जी जाते. संत बेनेडिक्ट यांच्या नियमात तर असं आहे की मठात यायला आलेल्या माणसाला लगेच आत घ्यायचंच नाही. त्याला काही दिवस दारात थांबू द्यायचं, खरंच देवाला शोधतोय का ते बघायचं, आणि पुढच्या सगळ्या कष्टांची कल्पना आधीच द्यायची. जायचं असेल तर तो मोकळा. फसवून, चढवून किंवा हसून कुणाला आत ओढायचं नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आत आल्यावर आर्नोल्ड यांनी एकांतवास मागितला. जवळपास तीन वर्षं ते एका लहानशा खोलीत मौन आणि प्रार्थना करत राहिले. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर घोडेस्वार धावत होते, तो माणूस आता कुणाशी बोलतही नव्हता.

पण असा माणूस लपून राहत नाही. मठवासीयांनी त्यांनाच मठाधिपती करायचं ठरवलं. आर्नोल्ड यांना हा मान नको होता. आख्यायिका अशी आहे की ते रात्री मठातून चक्क पळून गेले, आणि वाटेत एका लांडग्यानं त्यांना अडवून परत मठाकडे यायला भाग पाडलं. लांडगा खरा होता की नाही यावर मी वाद घालणार नाही. मला त्यातला विनोद आवडतो. योनाला मासा भेटला, यांना लांडगा! देवानं पाठवलेल्या कामापासून पळणाऱ्याला वाटेत कुणी ना कुणी भेटतंच.

काही वर्षांनी त्याहून मोठं ओझं आलं. तो पोप ग्रेगरी सातवे यांचा काळ. धर्मपदं पैसे देऊन विकत घ्यायची आणि राजांनी आपल्या मर्जीतल्या माणसांना बिशप करायचं, या दोन्ही गोष्टींविरुद्ध पोप जोरात लढत होते. अशा धामधुमीत साधारण १०८० च्या सुमारास आर्नोल्ड यांना सुआसोंचे बिशप नेमण्यात आलं. इथंही त्यांनी टाळाटाळ केली, पण शेवटी आज्ञा मानली. बिशपपदाच्या विधीत नव्या बिशपच्या हाती मेंढपाळाची काठी देतात. कमरेची तलवार टाकून आलेल्या सरदाराच्या हाती आता काठी आली.

मग पेच असा पडला की त्या गादीवर दुसराच माणूस ठाण मांडून बसला होता. त्याच्या मागं राजाचं बळ होतं. आर्नोल्ड जुने सैनिक. ओळखीचे सरदार जमवून, तलवारीच्या जोरावर गादी मिळवणं त्यांना अशक्य नव्हतं. शिवाय पोपची बाजू त्यांच्याकडे होती, म्हणजे कायद्यानंही ते बरोबर होते. आपण बरोबर असताना भांडायचं नाही, हे किती अवघड आहे ते ज्यानं एकदा तरी ऑफिसात केलं असेल त्याला विचारा. त्यांनी लढाई केली नाही.

त्याऐवजी ते आपल्या मायभूमीकडे, फ्लँडर्सकडे गेले. १०८३ आणि १०८४ या काळात त्यांनी तिथं जे काम केलं ते मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. ब्रुझ आणि आसपासच्या गावांत फिरून त्यांनी वैर धरलेल्या घराण्यांत समेट घडवला. मुलाचा खून झालेला बाप आणि खून करणाऱ्याचा बाप, यांना समोरासमोर आणायचं. सूड हा मान नाही, हे अशा माणसाच्या तोंडून ऐकायचं ज्यानं स्वतः तलवार वापरली आहे. ज्याला त्या बिरादरीचे नियम आतून माहीत होते तोच ते नियम मोडायला सांगू शकत होता.

१०८४ मध्ये त्यांनी समुद्राजवळच्या औडेनबर्ग इथं संत पेत्र यांच्या नावानं मठ स्थापन केला. आणि इथंच बिअरची गोष्ट सुरू होते.

आता थोडं या पेयाविषयी, कारण आपल्या डोळ्यांसमोर बारमधली बाटली असते. त्या काळच्या उत्तर युरोपात द्राक्षं फारशी होत नव्हती, जव भरपूर होतं. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि गरम पाण्यात कालवून एका मोठ्या काहिलीत ढवळत राहायचं. आपल्याकडच्या गुऱ्हाळातली काहील डोळ्यांसमोर आणा. ढवळायला लांब लाकडी काठी, पुढं वल्ह्यासारखा रुंद भाग, बहुतेक वेळा मधून पोकळ. ढवळताना धान्यातली साखर पाण्यात उतरते. मग ते पाणी गाळून उकळायचं, त्यात वनस्पती घालायच्या, थंड करून आंबवायचं. रोजच्या पिण्यासाठी बनवलेली बिअर अगदी पातळ असे, तिच्यात नशा फार कमी. कष्टकरी माणूस ती भाकरीबरोबर घेई. मठांमध्ये ती पाहुण्याला, प्रवाशाला, आजाऱ्यालाही दिली जाई. म्हणजे आपल्याकडे दारी आलेल्याला आपण पाण्याचा तांब्या आणि गूळ देतो, तसंच काहीसं.

आख्यायिका सांगते की एकदा त्या भागात साथ आली. पाणी पिऊन माणसं आजारी पडत होती. आर्नोल्ड यांनी लोकांना पाण्याऐवजी मठातली बिअर प्यायला सांगितलं, आणि आपली बिशपची काठी सरळ बिअरच्या काहिलीत बुडवली. ज्यांनी ती प्याली ते वाचले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. उकळण्यानं पाणी निर्धोक होतं हे आज आपण शाळेत शिकतो. तेव्हाच्या लोकांनी त्याला चमत्कार म्हटलं. दुसऱ्या एका कथेत मठाचं छप्पर कोसळून बिअरचा साठा नाहीसा होतो आणि उरलेली थोडीशी बिअर प्रार्थनेनं सगळ्यांना पुरते. पाच भाकरी आणि दोन मासे आठवतात ना?

इथं एक खुलासा. आर्नोल्ड नावाचे आणखी एक संत आहेत, मेट्झचे बिशप, सातव्या शतकातले. त्यांनाही बिअर बनवणारे मानतात आणि दोघांच्या कथा एकमेकांत मिसळतात. त्यांचा सण १८ जुलैला असतो. काहिलीत काठी घालणारे ते आपले, सुआसोंचे.

१०८७ मध्ये, पन्नाशीही न गाठता, आर्नोल्ड औडेनबर्गच्याच मठात वारले. त्यांच्या कबरीजवळ घडलेल्या चमत्कारांची पुढं चौकशी झाली आणि बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या शेवटी ख्रिस्तसभेनं त्यांना संत म्हणून मान्यता दिली. चित्रांत आणि पुतळ्यांत ते बिशपच्या वेशात दिसतात, डोक्यावर मुकुट, पण हातात काठी असते ती बिअर ढवळायची. लोकांनी त्यांना असंच लक्षात ठेवलं. समेट करणारा म्हणून कमी, प्यायला देणारा म्हणून जास्त.

आता आजच्या काळात या. ब्रुसेल्सच्या मुख्य चौकात, ग्राँ प्लासवर, बिअर बनवणाऱ्यांच्या जुन्या श्रेणीचं घर अजून उभं आहे. १६९५ च्या तोफांच्या माऱ्यात चौक उद्ध्वस्त झाल्यावर ते पुन्हा बांधलं गेलं. बेल्जियममध्ये या धंद्यातल्या लोकांची एक बिरादरी आहे, तिचं नावच ढवळायच्या काठीवरून ठेवलंय, काठीचे सरदार म्हणा ना! सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचा सोहळा होतो. आधी संत मायकल आणि संत गुडुला यांच्या कॅथेड्रलमध्ये संत आर्नोल्ड यांच्या सन्मानार्थ प्रार्थना, तिथं बिअरच्या पिंपाला आशीर्वाद, मग झगे घातलेल्या सदस्यांची मिरवणूक, आणि नगरसभागृहात नव्या सरदारांना दीक्षा. ज्याला घ्यायचं त्याच्या खांद्याला ती लाकडी काठी लावतात. जुन्या काळी सरदार करताना तलवार लावत, तशी. मग तो त्यांच्यातला होतो. २०१६ मध्ये युनेस्कोनं बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे वाचताना माझं मन एका जागी अडकलं. ज्या माणसानं सरदारकी सोडली, मठाधिपतीपदापासून पळ काढला, बिशपची गादी लढल्याशिवाय सोडून दिली, त्याच्या नावानं आज सरदारकी देतात! कुणाला हा विरोधाभास वाटेल. मला तो तसा वाटला नाही. तलवारीच्या जागी काठी आहे. मारायचं हत्यार नाही, प्यायला देण्याचं अवजार आहे. जो ते खांद्यावर घेतो त्यानं खरं तर असं वचन द्यायला हवं की मी जे देईन त्यानं कुणाचं वाईट होणार नाही. सोहळ्यात हसू, फोटो, मेजवानी असणारच. पण काठीचा अर्थ तोच.

आता माझी गोष्ट.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलच्या गच्चीवर आमचीही एक बिरादरी होती. नियम एकच. पहिल्या वर्षाच्या मुलानं बिअरचा मोठा मग न थांबता रिकामा करायचा, की तो आपला. आम्ही त्यावर भाषण करायचो, ताटल्या वाजवायचो, कुणीतरी झाडू घेऊन त्याच्या खांद्याला लावायचा. बेल्जियमचं नावही आम्हाला माहीत नव्हतं, तरी विधी अगदी तसाच. त्या वर्षी एक मुलगा आला, लहान गावातला, हुशार, कमी बोलणारा. त्यानं हळू आवाजात सांगितलं की वडील दारूनं गेले, आईला शब्द दिलाय. आम्ही हसलो. मग भरला तो मी. त्याच्या हातात दिला तोही मी. तो प्यायला, कारण चार वर्षं तिथंच राहायचं होतं. नंतर बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या वर्षी नव्या मुलांचे मग तोच भरत होता, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसत होता. तेव्हा मला वाटलं, चला, रुळला.

आजची दोन्ही वाचनं एकत्र ठेवून बघा. पहिल्यात प्रभू सांगतात की या लहानांतल्या एकाला नुसता गार पाण्याचा प्याला दिला तरी त्याचं प्रतिफळ चुकणार नाही. दुसऱ्यात सांगतात की या लहानांतल्या एकाला जो अडखळवेल त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं त्याला परवडेल. मी ही वचनं लहानपणापासून ऐकत आलोय, पण वेगवेगळी. पहिलं वाचताना मी स्वतःला प्याला देणाऱ्यांत धरत होतो. दुसरं कुणातरी दुष्ट माणसासाठी आहे असं समजत होतो. संत आर्नोल्ड यांच्या चरित्रानं दोन्ही जोडून दिली. प्याला तोच असतो. आर्नोल्ड यांनी तो भरला तेव्हा समोरच्याचा जीव वाचावा म्हणून. मी भरला तेव्हा समोरच्याचा शब्द मोडावा म्हणून. बिअर चांगली की वाईट हा प्रश्न मी चरित्र उघडताना विचारला होता. माझ्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

आणि संत बेनेडिक्ट यांचा तो नियम. दाराशी आलेल्याला पुढची अवघड वाट आधी सांगा, जायचं तर जाऊ द्या. आपल्या ख्रिस्तसभेत स्नानसंस्काराच्या वेळी सैतानाला नकार देतो का, विश्वास धरतो का, असे प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. ज्या बिरादरीला नाही ऐकून घेता येत नाही, तिच्यात मिळालेल्या हो ला काय किंमत? त्या रात्री त्या मुलानं स्पष्ट नाही म्हटलं होतं. आम्ही ते ऐकलंच नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दरवर्षी वाढदिवसाला मेसेज करतो, तोही करतो. बारा-तेरा वर्षांत त्या रात्रीविषयी एक शब्द नाही. गेल्या रविवारी मिस्साहून आल्यावर फोन केला. तो मला अजून सर म्हणतो, होस्टेलमध्ये आम्ही शिकवलं होतं तसं. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला की तो केव्हाच विसरून गेलाय, तेव्हा सगळेच तसं करायचे. मग थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं सांगितलं की त्याची आई गेल्या वर्षी वारली, आणि तिला त्यानं ते कधीच सांगितलं नव्हतं.

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. माफी मागितली की हलकं वाटतं असं आपण म्हणतो. मला हलकं वाटलं नाही. पण फोन ठेवायच्या आधी मी त्याला सांगितलं की मला सर म्हणू नकोस, नावानं हाक मार. त्यानं प्रयत्न करतो म्हटलं. आर्नोल्ड यांना फ्लँडर्समध्ये एकेका घराण्याच्या दारात किती वेळा जावं लागलं असेल याची आता थोडी कल्पना येते. समेट म्हणजे एक फोन नव्हे. पुढच्या महिन्यात त्याच्या शहरात कामानिमित्त जाणं आहे, तेव्हा त्याच्या घरी जाणार आहे.

आज विचार करू या :

माझ्या घरात, ऑफिसात, मित्रांच्या टोळक्यात नव्या माणसाला आपलं म्हणण्याआधी आपण त्याच्याकडून काय करवून घेतो?

कुणाचं नाही मी हसण्यावारी नेलं आहे का?

ज्याच्या हातात मी चुकीचा प्याला दिला, त्याच्या दारी जायला मला आज काय अडवतंय?

प्रार्थना :

हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुऊन आम्हाला तुझ्या परिवारात घेतलंस. आम्ही मात्र लहानांना वाकवून मोठे होत आलो. संत आर्नोल्ड यांच्या मध्यस्थीने आम्हाला क्षमा कर. ज्यांना आम्ही अडखळवलं त्यांना तू सावर. ज्या घरांत दारूनं अंधार केला आहे तिथं तुझा प्रकाश येऊ दे. आमच्या हातात जे काही आहे, पद असो, अवजार असो की साधा प्याला, ते दुसऱ्याच्या जगण्यासाठी वापरायला शिकव. आमेन.